नोकरीचा त्याग : केव्हा आणि कशासाठी?

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



अमरावती आणि अकोला या दोन शहरांतील जैन घरांची व्यवसायवार यादी पन्नास वर्षांपूर्वी कोणी केली असती, तर बहुतेक नावांपुढे कापड, किराणा, सराफी, आडत, जिनिंग किंवा डाळ मिल यांपैकी एखादा शब्द लिहावा लागला असता. 'नोकरी' हा शब्द त्या घरांत उच्चारला जाई तो दुसऱ्यांच्या संदर्भात. गादीवर बसणारे आपण आणि नोकरीस येणारे मुनीम, दिवाणजी, गडी हे इतर, अशी ती सरळ मांडणी होती. आज त्याच घरांतील नातू पुण्यातील संगणक कंपनीत आहे, नात मुंबईच्या बँकेत आहे, जावई बंगळुरूस आहे. नोकरी देणारा समाज नोकरी करणाराही झाला आहे, आणि या स्थित्यंतराचा पुरता विचार अद्याप घराघरांत झालेला नाही.

त्याचे प्रत्यंतर एका प्रसंगी हमखास येते. पुण्याहून मुलाचा फोन येतो की, नोकरी सोडण्याचे ठरवले आहे. वडिलांचा पहिला प्रश्न असतो, "दुसरी मिळाली का?" आईचा प्रश्न असतो, "आता स्थळे येतील त्यांना काय सांगायचे?" कारण काय, हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर येतो, आणि कधी कधी येतच नाही. पुढे मुलाने सांगितलेले कारण पटले, तर तेच आईवडील नातलगांत त्याची बाजू हिरिरीने मांडतात. परंतु त्याच आठवड्यात दुकानातील बारा वर्षांचा जुना सेल्समन नेमके तेच कारण सांगून जाऊ लागला, तर गादीवरून उद्गार निघतो, "एवढी वर्षे सांभाळला, आणि ऐन लग्नसराईत पाठ फिरवली!"

घेण्याचा गज निराळा आणि देण्याचा गज निराळा ठेवणाऱ्या दुकानदाराची बाजारात पत राहत नाही, हे या सभागृहात कोणास सांगावयास नको. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे कमीअधिक मापे बाळगणे, हा एक स्पष्टपणे गणला आहे. हा नियम केवळ लठ्ठा आणि पॉपलीन मोजण्यापुरता आहे, असे मानण्याचे कारण नाही. मुलाने नोकरी सोडली तर स्वाभिमान आणि नोकराने सोडली तर कृतघ्नता, हीसुद्धा दोन मापेच होत. म्हणून नोकरी सोडण्याची रास्त कारणे कोणती, याचा विचार करताना एकच गज हाती धरून चालावे लागेल.

नोकरी सोडणे हा आजच्या चंचल पिढीचा रोग आहे, अशी एक समजूत आढळते. ती इतिहासास धरून नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा एक मोठा अध्यायच राजीनाम्यांनी लिहिला गेला आहे, आणि त्याचा एक धागा थेट अकोल्याशी जोडलेला आहे. गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ चा, कऱ्हाडजवळील टेंभू गावचा. घरची कमालीची गरिबी. शिक्षणासाठी ते वणवण करीत अखेर अकोल्यास आले आणि १८७५ साली येथूनच मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुरुजी त्यांना येथे लाभले. 'वऱ्हाड समाचार' या अकोल्याच्या पत्रातून त्यांनी लेखनही केले. पुढे डेक्कन कॉलेजात एम. ए. चा अभ्यास करीत असताना त्यांनी आईस पत्र लिहून कळविले की, मुलगा मोठ्या पगाराचा अधिकारी होईल ही आशा तिने धरू नये. त्या काळी एम. ए. झालेल्या तरुणास सरकारी हुद्दा सहज मिळे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पत्राचे वजन कळते.

ज्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर गेले, त्या शाळेचे संस्थापक विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७९ साली सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली होती. 'निबंधमाले'तील लेखनानंतर त्यांची बदली रत्नागिरीस झाली होती. मनात एक आणि लेखणीत दुसरे ठेवून पगार घेत राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १८८१ मध्ये 'केसरी' निघाला तेव्हा त्याचे पहिले संपादक आगरकर झाले, आणि १८८७ साली त्यांनीच ती खुर्ची सोडली. कारण उघड होते. सामाजिक सुधारणेविषयी त्यांची मते टिळकांना व इतर सहकाऱ्यांना मान्य नव्हती, आणि दुसऱ्यांच्या मताच्या पत्रावर आपले नाव मिरविणे त्यांना प्रामाणिक वाटले नाही. वर्षभराने त्यांनी 'सुधारक' काढला. परंतु शाळा आणि कॉलेज मात्र सोडले नाही. फर्ग्युसन कॉलेजात ते अत्यल्प वेतनावर अखेरपर्यंत शिकवीत राहिले आणि प्राचार्य असतानाच १८९५ मध्ये त्यांचे देहावसान झाले. एका कामाशी मतभेद झाला म्हणून सर्वच कामे टाकून देण्याचा आततायीपणा त्यांनी केला नाही. काय सोडावे आणि काय धरून ठेवावे याचा असा विवेक फार थोड्यांना साधतो.

टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. तेथे वाद होता तो संस्थेच्या आजीव सदस्यांनी वेतन किती घ्यावे, बाहेरची कामे व मिळकत स्वीकारावी किंवा नाही, याविषयी. त्यागाच्या ज्या तत्त्वावर संस्था उभारली, ते सैल होत आहे असे टिळकांचे म्हणणे. वाढत्या संसाराचा भार असलेल्या सहकाऱ्यांचे म्हणणे अर्थातच निराळे. कोणाचा पक्ष बरोबर, यावर आजही दोन मते होऊ शकतात. तथापि टिळकांनी आपली कारणे सविस्तर लेखी मांडली आणि ती संस्थेपुढे ठेवली, मागाहून कुजबुज केली नाही, हे महत्त्वाचे.

त्याच १८९० साली अमरावतीतही एक राजीनामा झाला. दादासाहेब खापर्डे हे १८८५ पासून वऱ्हाडात मुन्सफ आणि असिस्टंट कमिशनर या हुद्द्यांवर होते. सरकारी अंमलदाराची प्रतिष्ठा त्या काळात केवढी होती, हे वऱ्हाडातील जुन्या माणसांस ठाऊक आहे. ती सोडून त्यांनी अमरावतीस वकिली सुरू केली, कारण त्यांचा ओढा टिळकांच्या राजकारणाकडे होता आणि सरकारची चाकरी करून सरकारच्या विरोधात उभे राहता येत नव्हते. पुढे १८९७ साली अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. खापर्डे यांच्यापाशी कायद्याची पदवी होती, वकिलीचा पर्याय होता. त्यांचे धैर्य मोठे असले तरी ते निराधार नव्हते, ही गोष्टही नमूद केली पाहिजे. हातात दुसरे कसब असलेल्या माणसाची हिंमत वेगळी असते.

ज्याच्या हाती कसबही आहे आणि तरीही जगाने दार लावून घेतले आहे, अशा माणसाच्या राजीनाम्याचे उदाहरण याहून कठोर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातून आणि लंडनहून शिकून १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. सयाजीराव महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली होती आणि तिच्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार होता. म्हणजे नोकरी करण्याचे नैतिक बंधन होते आणि ते पाळण्यासाठीच ते गेले. परंतु शहरात त्यांना राहण्यास घर मिळेना. कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून त्यांनी कसेबसे दिवस काढले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करण्याचे फर्मान सुटले. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला; दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. सायाजीरावांच्या त्या प्रगत राजधानीतील कामाठी बागेत पाच तास बसून राहिल्यानंतर त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली.

या घटनेकडे पाहिल्यावर 'करार मोडला' असे म्हणण्याची कोणाची प्राज्ञा आहे? जेथे माणसास बसावयास जागा आणि प्यावयास पाणी सन्मानाने मिळत नाही, तेथे करार समोरच्याने आधीच मोडलेला असतो. अपमान हे नोकरी सोडण्याचे कारण होऊ शकते का, असा प्रश्न आजही विचारला जातो, आणि उत्तर देताना बहुधा 'थोडे सहन करावे' असे सांगितले जाते. साहेब एखाद्या दिवशी चिडून बोलला, तर तेवढ्यासाठी राजीनामा लिहू नये, हे खरे. रागाच्या दिवशी लिहिलेला राजीनामा एक रात्र उशाशी ठेवावा. परंतु रोजची हेटाळणी, जातीवरून, गावावरून, बोलीवरून होणारी थट्टा, सर्वांदेखत शिवीगाळ, हा प्रकार निराळा. वऱ्हाडी बोलण्याची नक्कल करून हसणारे वरिष्ठ पुण्या-मुंबईत भेटल्याचे आपली मुले सांगतात, तेव्हा आपले रक्त तापते. मग आपल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर दिवाणजींस 'अरे-तुरे' होते तेव्हा त्यांच्याही घरी कोणी तरी हे ऐकत असेल, याची जाणीव ठेवणे उचित होय.

कराराचा विषय निघाला म्हणून वऱ्हाडातील सालदाराची आठवण होणे स्वाभाविक आहे. गुढीपाडव्यास साल ठरायचे, धान्य व रक्कम ठरायची, आणि बहुधा वर्षाच्या आरंभी उचल दिली जायची. उचल फिटेपर्यंत सालदारास जाता येत नसे. ती फिटण्याआधी आजारपण किंवा मुलीचे लग्न निघे आणि दुसरी उचल चढे. कागदावर तो मोकळा, प्रत्यक्षात बांधलेला. वेठबिगारीच्या उच्चाटनाचा कायदा १९७६ साली झाला, त्यात कर्जापोटी श्रमास बांधून घेण्याची ही रीतच बेकायदा ठरविली आहे. आज इंग्रजी शिकलेल्या मुलांकडून कंपन्या बाँड लिहून घेतात, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात, तेव्हा नाव बदलले तरी मागचे गणित ओळखीचे वाटते. प्रशिक्षणाचा खरा खर्च मागणे वेगळे, आणि माणसाचे पाय बांधणे वेगळे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणारी जागा ही पहिल्याच दिवशी न स्वीकारण्याची जागा आहे.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बंध, वध, छेद यांच्याबरोबर दोन नावे येतात, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. परंपरेने त्यांचा अर्थ बैलावर, घोड्यावर झेपेल त्याहून अधिक ओझे लादणे आणि आश्रितांचे अन्नपाणी रोखणे असा केला जातो, आणि त्यात नोकरचाकरही समाविष्ट मानले जातात. आजच्या नोकरीच्या भाषेत पहिल्याचे नाव अतिरिक्त काम आणि दुसऱ्याचे नाव थकविलेला पगार. नोकरी सोडण्याची दोन अत्यंत सबळ कारणे आपल्या ग्रंथांत दोष म्हणून इतक्या पूर्वी नोंदली गेली आहेत, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

अतिभाराविषयी आता वैद्यकीय पुरावाही उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. आठवड्यास ५५ तास म्हणजे सहा दिवस रोज नऊ तासांहून थोडे अधिक. हा आकडा ऐकून दुकानदार मंडळींनी स्वतःचेही तास मोजून पाहण्यास हरकत नाही. सकाळी दहास उघडून रात्री साडेनऊस बंद होणाऱ्या दुकानातील सेल्समन जेवणाची सुटी वजा जाता किती तास उभा असतो? तो उभाच असतो, हेही लक्षात घ्यावे. मुलाने आठवड्यास ७० तास काम करावे लागते म्हणून नोकरी सोडली, तर ते कारण रास्त आहे. सेल्समनने पाय सुजतात म्हणून सोडली, तर तेही तितकेच रास्त आहे.

पगार थकविणे हा दुसरा दोष. व्यापारात उधारी असते, वसुली लांबते, हे मान्य. परंतु उधारीवर माल देण्याचा निर्णय मालकाचा असतो, नोकराचा नव्हे. मग तिचा भार त्याच्या चुलीवर का पडावा? दोन-तीन महिने पगार न मिळाल्यावर जो नोकर निघून जातो, त्याने विश्वासघात केला असे म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार, नोकराने राजीनामा दिला किंवा त्यास काढले, तर त्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावयाचे आहे. ही संहिता मोठ्या कारखान्यांप्रमाणेच दुकानांनाही लागू आहे. 'दिवाळीनंतर हिशेब करू' हे आपल्या बाजारातील सवयीचे वाक्य आता कायद्यातही बसत नाही.

नीतीचे कारण सर्वांत स्पष्ट, आणि सांगण्यास सर्वांत अवघड. आपल्या समाजातील अनेक मुले-मुली सनदी लेखापाल आहेत, बँकांत आहेत, विमा आणि औषध कंपन्यांत आहेत. खोट्या ताळेबंदावर सही करण्याचा, नको असलेली पॉलिसी वृद्ध विधवेच्या गळ्यात मारण्याचा आग्रह त्यांना होतो. सत्यम कंपनीच्या ताळेबंदातील हजारो कोटींची रोकड अस्तित्वातच नव्हती, हे जानेवारी २००९ मध्ये खुद्द तिच्या अध्यक्षांनी कबूल केले. एवढा मोठा खोटा आकडा एका माणसाच्या हातून लिहिला जात नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी आपण पाठशाळेत पाठ करतो. विषवाणिज्य, रसवाणिज्य ही नावे मुलांना मुखोद्गत असतात. मुलगा मद्याच्या किंवा गुटख्याच्या कंपनीतील भक्कम पगाराची नोकरी नाकारून घरी बसला, तर मात्र ती यादी आठवत नाही, पगाराचा आकडाच आठवतो. असा मुलगा सहा महिने घरी बसला तरी त्यास घरात टोचून बोलू नये. नैतिक कारणासाठी नोकरी सोडणाऱ्याला सर्वांत मोठी शिक्षा बहुधा घरातूनच होते.

भगिनींच्या बाबतीत तर प्रश्नच उलटा आहे. त्यांच्या नोकरी सोडण्याचे कारण बहुधा त्यांचे नसतेच. लग्न ठरले, सासरच्यांस पसंत नाही. मूल झाले, सांभाळणार कोण. पतीची बदली झाली. नोकरी सोडली तिने, निर्णय घेतला इतरांनी. प्रसूतीसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून कायद्याने मिळते आणि ५० किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची तरतूद आहे, ही माहिती विवाह जुळविताना बायोडेटाबरोबर दोन्ही घरांनी वाचावी. कामाच्या ठिकाणी छळ झाला तर २०१३ च्या कायद्याखाली दहा किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते. मुलीने असे काही घरी सांगितले, तर 'गुपचूप राजीनामा दे आणि ये' हा सल्ला सोपा असतो. ती येईलच, पण तक्रार नोंदवून येण्याचा तिचा अधिकार तिला कोणी तरी सांगितला पाहिजे. स्वतःच्या इच्छेने, मुलाच्या संगोपनासाठी एखादी नोकरी सोडत असेल तर तो तिचा मान. तेव्हाही पुन्हा परतण्याचा मार्ग खुला राहावा, म्हणून अनुभवपत्र आणि ओळखी जपाव्यात.

अधिक पगारासाठी नोकरी सोडणे चांगले की वाईट? येथे व्यापाऱ्यांनी जपून बोलावे. जो कापूस जिकडे क्विंटलमागे पन्नास रुपये अधिक तिकडे विकतो, ज्या थानास सुरतेत दोन रुपये स्वस्त तेथून उचलतो, त्याने नोकराच्या चार हजारांच्या वाढीस लोभ म्हणू नये. फक्त एक हिशेब मुलांनी करावा. पुण्यात पगार दीडपट झाला आणि घरभाडे, प्रवास, बाहेरचे जेवण यांत तो सर्व गेला, तर त्या वाढीचे मोल काय? अमरावती-अकोल्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने दहा-बारा तासांचा प्रवास करून महिन्यातून एकदा आईवडिलांचे तोंड पाहणारी मुले कमी नाहीत. आईवडील थकले, दोघांपैकी एकास अर्धांग झाले, म्हणून कमी पगारावर परत येणारा मुलगा अयशस्वी नव्हे. त्याच्याविषयी 'तिकडे जमले नाही वाटते' असे जे कुजबुजले जाते, ते थांबले तर असे आणखी चार जण परत येतील.

नोकरी सोडल्यावाचून मोठे काम होत नाही, असा समजही पसरलेला आहे. त्यास अमरावतीतीलच एक उत्तर आहे. डॉ. हिरालाल जैन हे येथील किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. सरकारी नोकरी, ठरलेली तासिका, ठरलेला पगार. ती नोकरी सांभाळून त्यांनी कारंजा येथील शास्त्रभांडारांतील हस्तलिखितांचा अभ्यास केला, अपभ्रंश ग्रंथ उजेडात आणले. षट्खंडागमाच्या धवला टीकेचा पहिला भाग १९३९ साली त्यांच्याच संपादनाखाली या अमरावती शहरातून प्रसिद्ध झाला, आणि पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा भाग पूर्ण झाले. शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात बंद असलेला सिद्धांतग्रंथ एका नोकरदार प्राध्यापकाने जगापुढे आणला. नोकरी त्यांच्या कार्याच्या आड आली नाही. महिन्याचा पगार हाच त्या विद्याव्यासंगाचा आधार होता. आवडीचे काम करावयाचे म्हणून हातची नोकरी सोडू पाहणाऱ्या तरुणांनी आधी रात्रीचे दोन तास त्या कामास देऊन पाहावे. दोन वर्षे ते दोन तास टिकले, तर मग राजीनाम्याचा विचार करावा.

याउलट, नोकरीत प्रवेशच न करता वेगळी वाट धरणाऱ्यांत जळगावचे भवरलाल जैन यांचे उदाहरण आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. सरकारी राजपत्रित अधिकाऱ्याची नोकरी चालून आली असता आईच्या सल्ल्याने त्यांनी ती स्वीकारली नाही आणि १९६३ साली घरच्या सात हजारांच्या पुंजीवर रॉकेलचा व्यवसाय सुरू केला. उदाहरण खरे आहे, परंतु ते सांगताना ऐकणाऱ्यास असे वाटू नये की नोकरी नाकारणारा प्रत्येक जण उद्योगपती होतो. त्यांच्यामागे घरच्यांची संमती होती आणि घरची पुंजी होती. या दोन गोष्टी कथेतून बहुधा गळतात.

घरच्यांची संमती आणि घरचा हिशेब आधी कसा करावा, याचा वस्तुपाठ मेळघाटात सापडतो. धारणी तालुक्यातील बैरागड येथे डॉ. रवींद्र कोल्हे यांनी वैद्यकीय शिक्षणानंतर आदिवासींत काम करण्याचे ठरविले. लग्न करताना त्यांच्या अटी ठरलेल्या होत्या. वधूने ४० किलोमीटर चालण्याची तयारी ठेवावी, लग्न पाच रुपयांत व्हावे, महिन्याचा घरखर्च ४०० रुपयांत भागवावा, आणि गरज पडल्यास दुसऱ्यांसाठी भीक मागण्याची तयारी असावी. डॉ. स्मिता यांनी नागपुरातील चालता दवाखाना सोडून त्या अटी स्वीकारल्या. २०१९ मध्ये दोघांनाही पद्मश्री मिळाली. आकडा लहान की मोठा हा मुद्दा गौण आहे. तो लग्नाआधी, तोंडावर, रुपयांत सांगितला गेला होता. उत्पन्न सोडून काही करू पाहणाऱ्या किती तरुणांनी आपल्या पत्नीस किंवा पतीस असा महिन्याचा नेमका आकडा सांगितलेला असतो?

म्हणूनच कारण कितीही चांगले असो, कागद चोख असावे लागतात. निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते बाजूला असावेत. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून आईवडिलांसह स्वतंत्र पॉलिसी राजीनाम्याआधीच घ्यावी. भविष्य निर्वाह निधी काढून खर्च करू नये, नव्या खात्यात वर्ग करावा. त्यातील निवृत्तिवेतनास दहा वर्षांची सेवा लागते. ग्रॅच्युइटीसाठी नियमित नोकरास सलग पाच वर्षांची सेवा आवश्यक आहे. ठराविक मुदतीच्या करारावरील नोकरास मात्र नव्या संहितेने ती एका वर्षानंतर देऊ केली आहे. हिशेब सोपा आहे. शेवटच्या मासिक वेतनास २६ ने भागावे, १५ ने गुणावे आणि सेवेच्या वर्षांनी गुणावे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० असेल, तर वर्षाला १५,००० आणि पाच वर्षांचे ७५,०००. पाच वर्षे भरण्यास तीन महिने उरले असता घाईने राजीनामा देणाऱ्याने ही रक्कम एकदा कागदावर मांडून पाहावी. फार तर छळाच्या जागी तिच्यावर पाणी सोडावे, कंटाळ्यासाठी सोडू नये.

जाणाऱ्याचीही कर्तव्ये आहेतच. ठरलेली नोटीस पूर्ण करावी, अपुरे काम लिहून द्यावे, ग्राहकांच्या याद्या बरोबर नेऊ नयेत. दुकानातून जाणाऱ्याने उधारीची वही समजावून द्यावी आणि किल्ल्या मोजून द्याव्यात. मालकाने त्याच दिवशी त्याचा पगार, रजेचे पैसे आणि दहा किंवा अधिक नोकर असतील तर ग्रॅच्युइटीचा हिशेब लिहून त्याच्या हाती ठेवावा, आणि किती वर्षे, कोणते काम, कशा रीतीने केले, हे स्वतःच्या लेटरहेडवर चार ओळींत लिहून द्यावे. पुण्यातील कंपनीने आपल्या मुलाचे अनुभवपत्र तीन महिने अडकविले, तर आपण चिडतो आणि वकिलाची नोटीस पाठविण्याची भाषा करतो. आपल्या दुकानातून गेलेल्या माणसाने ते मागितले नसेल, तर बहुधा त्यास मागण्याचा धीर झालेला नसतो. गेल्या पाच वर्षांत जे जे सोडून गेले, त्यांना तो कागद आजही देता येईल.

जय जिनेंद्र.